पऱ्हाटीची पट्टी आज फाटली नाही

मंडळी, वाळलेल्या पऱ्हाटीपासून, म्हणजे कापूस वेचून उरलेल्या झाडांपासून, मातीत कुजणारं प्लास्टिक बनवायचा प्रयत्न मी अमरावतीच्या प्रयोगशाळेत तीन वर्षांपासून करतेय. आज दुपारी मशीनवर ताणूनही त्याची पट्टी पहिल्यांदाच फाटली नाही.

सांगायला मागे वळले, तर खोलीत कुणीच नव्हतं. सोबत काम करणाऱ्या दोघी केव्हाच दुसरीकडे नोकरीला लागल्यात.

मग अकोटला आईला फोन लावला. ती मळ्यात वांगी तोडत होती.

"कोणाले दाखवलं?" बातमी ऐकून तिने विचारलं.

"कोणालेच नाई. तुलेच सांगून राहिली."

"मले त्यातलं समजत नाई बाई. पण थांब, हात धुऊन बसते. मंग पयलेपासून सांग."

सांगता सांगता मला रडू आलं. फोन ठेवल्यावर खोली आणखीच रिकामी वाटली.

आनंदाची बातमी तुम्ही आधी कुणाला सांगता?