दक्षिणेच्या भिंतीतला कोनाडा

माझे वडील कळमनुरीत, भाड्याच्या खोलीत वारले. मी तेव्हा बी-बियाण्यांच्या एका दुकानात हिशेब लिहीत होतो. लग्न नुकतंच झालेलं. आई-वडील गोरेगावजवळच्या आमच्या खेड्यातून दवाखान्यासाठी माझ्याकडे येऊन राहिले होते. वडील सकाळी चहा पिऊन भिंतीला टेकले, ते तसेच गेले.

घरमालक दारात आला. उंबरा ओलांडला नाही.

"मुनीम, मयत गावाकडं न्या. अन् दिवाबी तिकडंच लावा."

आमच्याकडे जिथं जीव जातो तिथंच पीठ पसरून त्यावर दिवा ठेवतात. वात दक्षिणेला. दहा दिवस तो विझू द्यायचा नाही. आईनं मालकापुढे पदर पसरला. मी म्हणालो, "मालक, आमी कोणाला बोलवत न्हाई. नुसता दिवा राहू द्या."

"दिवा लागला की खोली बदनाम. पुढं भाडेकरू येईल का? मंग तुमी भरून देणार का?"

जीप करून वडिलांना गावी नेलं. दिवा काकाच्या ओसरीत लागला. आई त्याच्यापाशी बसून एकच बोलायची, "जीव तिथं गेला न दिवा हितं. त्यायनं कुठं पाहावं?" हे ती पुढं वर्षानुवर्षं बोलली. खोली मी महिनाअखेर सोडली, भाडं चुकतं करून. घरमालकाला बोट ठेवायला जागा द्यायची नव्हती.

हिंगोली जिल्हा वेगळा झाला त्या सुमारास त्याच्याच घराला लागून, उत्तरेच्या बाजूचं माळवदाचं पडकं घर विकायला निघालं. ते लोक नांदेडला जाऊन राहिले होते. दुकानातले सगळे म्हणाले, पैसा घालायचा तर बसस्टँडकडे प्लॉट घे. बरोबरच होतं ते. आकडे मलाही कळत होते. पण त्या प्लॉटची भिंत त्याच्या भिंतीला लागून नव्हती.

बायकोनं गळ्यातली एकदाणी काढून दिली. "घ्या. तुमी रागात घ्यायलेत हे मला ठावं हाय. भाडं तरी नीट येऊ द्या."

माळवदावरची माती उतरवली, तेव्हा वाळवी फक्त दोन लाकडी सरांना, आडव्या तुळयांना, लागलेली निघाली. बाकीचं सागवान विकलं, त्यात पत्रे आणि लोखंडी अँगल आले. चार खोल्या एका ओळीत काढल्या, पुढं सगळ्यांना मिळून एक ओसरी. प्रत्येक खोलीला वेगळी मोरी. पत्र्यांचं पाणी त्याच्या अंगणात पडू नये म्हणून उतार माझ्या बाजूला ठेवला, नाहीतर त्याला भांडायला कारण मिळालं असतं. दक्षिणेची भिंतसुद्धा त्याच्या भिंतीला न टेकवता स्वतंत्र उचलली. त्या भिंतीच्या पलीकडे, पहिल्या खोलीच्या बराबर समोर, वडील गेले ती खोली होती.

तो एकदा गच्चीवरून वाकून म्हणाला, "काय मुनीम, मालक झाले म्हनं! पडक्यात पैसा पुरून राहिले का?"

"व्हय. शेजार चांगला हाय म्हणून घेतलं."

गवंड्याला मी चारही खोल्यांत दक्षिणेच्या भिंतीत, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एकेक कोनाडा ठेवायला सांगितला. त्यानं थापी खाली ठेवली. "दक्षिणेला काहून? देवाचा पूर्वेला करतेत."

"देवाचा न्हाईच तो."

त्याला कळलं. "मंग भाडेकरू पळतेन की तुमचे."

"बघू."

भाडेकरू ठेवण्याआधी आईला आणलं. तिनं पहिल्या खोलीतल्या भिंतीला तळवा लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग कोनाड्यात दिवा लावला. दहा दिवस ती तिथंच राहिली.

गावात खोली नव्या जोडप्याला मिळायची, लेकराबाळांवाल्या मास्तरालाही मिळायची. जीपमधून म्हातारं माणूस उतरलं की कुठल्याही मालकाला खोली दुसऱ्याला दिल्याचं आठवायचं. मी उलट सांगितलं, म्हातारी माणसं खुशाल आणा, कोणी गेलं तर दिवा इथं ठेवा, मला विचारायला येऊ नका. कुरुंद्याचे एक मास्तर आईला घेऊन आले. मग तांड्यावरचा एक कंडक्टर, वडिलांसह. खोल्या कधी रिकाम्या राहिल्या नाहीत. पुढं तर शेजारच्या त्या मालकाचाच एक भाडेकरू आपल्या म्हाताऱ्याला बाजेवर घालून भर दुपारी माझ्याकडे राहायला आला. मालक त्याच्या दारात उभा राहून पाहत होता. मला फार बरं वाटलं.

काही वर्षांनी त्याच्या पोरांनी वाटण्या करून घर विकलं. तिथं दुकानं व्हायची होती. त्याच्या बायकोची एक बाजू गेलेली. पोरं एकमेकांकडे बोट दाखवत होती आणि आजारी बाई पाहून गावात खोली कोणी देईना. शेवटी तो माझ्याकडे आला.

"मालक, एखादी खोली द्या."

हा शब्द त्याच्या तोंडून ऐकायला मी इतकी वर्षं थांबलो होतो. खोली दिली. भाडं सगळ्यांना तेच. कोनाडा मी स्वतः दाखवला. "कोणी गेलं तर दिवा इथं ठेवायचा." त्यानं मान हलवली. मी त्याचा चेहरा नीट पाहिला. त्यावर काहीच नव्हतं.

बाई थंडीत गेल्या. रोज संध्याकाळी तेल घेऊन मी जायचो आणि दिव्यात माझ्या हातानं ओतायचो, त्याला दिसेल असं. दहाव्या दिवशी त्यानं माझे दोन्ही हात धरले. "मालक, तुमच्यासारखा माणूस न्हाई. दुसऱ्या कोनी हे करू दिलं नसतं."

"माझे वडील कुठं वारले, आठवतं का?"

"तुमचे वडील? गावाकडंच ना?"

मी सगळं सांगितलं. त्यानं डोळे बारीक करून आठवून पाहिलं. "आसल बा. किती आले न किती गेले."

विटांपासून उतारापर्यंत सगळा हिशेब मी बसवला होता. तो विसरला असेल हे धरलं नव्हतं.

त्याला मी काढलं नाही. तो ओसरीवर बाज टाकून दिवसभर बसून असायचा. पुढं कंडक्टरची बदली झाली आणि खोली पाहायला एक कुटुंब आलं. मी त्यांना कोनाडा दाखवला, मग ओसरीवर, बाजेशेजारी उभं राहून तो काहून केला ते सांगितलं. सकाळचा चहा, आईचा पदर, आणि मालकाचं बोलणं त्याच्याच शब्दांत. तोही ऐकत होता, परक्याची गोष्ट ऐकावी तसा. पुढच्या भाडेकरूला मी तिथंच पुन्हा तेच सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडं न करता. भाडेकरूच्या बायकोनं तोंडाला पदर लावला. "कोन हो तो मेला मालक?"

तो बाजेवरून उठला, भिंतीला धरत आत गेला आणि दार लावून घेतलं.