मावशीचे न घासलेले दात

हे लिहायची माझी पात्रता नाही, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि जे सांगणार आहे त्यात त्या शिक्षणाचा काही उपयोग झाला नाही.

माझी मावशी पाचूबंदरला मासळी विकायची. लिलावात सगळ्यांत मोठा आवाज तिचा. गेल्या वर्षी धक्क्यावर घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं. विरारच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. तिथल्या सिस्टरने मला बाजूला घेतलं.

"तुम्ही शिकलेले आहात, म्हणून तुम्हाला सांगते. सकाळ-संध्याकाळ यांना बसवून दात घासा. पडून असलेल्या माणसाच्या तोंडातले जंतू छातीत उतरतात. न्यूमोनिया होतो."

मी ब्रश आणला. मावशीने तोंड मिटून घेतलं. तिने जन्मभर भाजलेल्या तंबाखूची मशेरी लावलेली, दात काळे पडलेले. सिस्टर लोकांसमोर ती हसतही नव्हती.

"यासाठी शिकला काय, माजं दात मोजायला?" ती पुटपुटली. "मशेरी दे, नायतर ऱ्हाऊ दे. दोन घोट पेज जाते पोटात, तिला काय घासायचं?"

मला ते पटलं. खातच नाही, तर तोंड खराब कसं होईल? शिवाय खरं सांगायचं तर, आईच्या जागी असलेल्या बाईच्या तोंडात हात घालायचा मला संकोच वाटला. शेजारच्या खाटेवरचे लोक ते दात बघतील, याची लाजही वाटली.

संध्याकाळी सिस्टरने विचारलं, "घासले?"

मी हो म्हटलं. ती वळल्यावर मावशीने मला डोळा मारला. पाच दिवस आम्ही दोघं मिळून खोटं बोललो.

सहाव्या दिवशी ताप आला, मग धाप लागली. न्यूमोनिया. डॉक्टर म्हणाले, याला बरीच कारणं असतात, नेमकं एक सांगता येत नाही. मी त्यांना ब्रशचं सांगितलं नाही. त्या संध्याकाळी ओला ब्रश घेऊन तिच्याजवळ बसलो. तिने नको म्हटलं नाही. तेवढी ताकदच उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी माझी परीक्षा होती. मावशीजवळ थांबलेल्या माझ्या आईनेच मला जा म्हणून सांगितलं. पेपर देऊन बाहेर आलो, फोन चालू केला. आईचा निरोप आला होता: मावशी गेली, हॉस्पिटलात येऊ नको, सरळ पाचूबंदरला ये.