वन्संसाठी लांब सुई

त्या दवाखान्यात नर्स आहेत; तिथे त्यांना सगळे "बाई" म्हणतात. नणंद मात्र "टोचणी" म्हणते, तेही चारचौघांत.

नणंदेच्या हृदयाची झडप अधू आहे. ती आणखी बिघडू नये म्हणून दर तीन आठवड्यांनी एक दाट, पांढरं इंजेक्शन खोल मांसात जावं लागतं. मागची दोन्ही बाईंनीच दिली. दोन्ही वेळा कमरेखाली लिंबाएवढी गाठ आली.

आज पडद्याआड पलंगावर नणंद आडवी झाली ती बोलतच.

"मुद्दाम गाठी उठवतेस. भाऊ माझं ऐकतो ना, त्याचा सूड!"

"वन्सं, कुशीवर वळा."

"कुशीवर? महिनाभर कूस टेकली नाहीये मी!"

बाईंनी तिथली कातडी चिमटीत धरली, सोडली आणि लांब सुईचं पाकीट फोडलं. नणंदेने मान वळवून पाहिलं.

"अगं बाई! सुई आहे की दाभण? मागे तर छोटी होती."

"तेच चुकलं."

"कोणाचं?"

"माझं. छोटी सुई मांसापर्यंत पोचलीच नाही. औषध वरच्या चरबीत साचलं."

चरबी! घरात हा शब्द कोणी काढत नाही. नणंदेची हाडं रुंद आहेत, असं सासूबाईंनी ठरवून टाकलंय.

"काय म्हणालीस?"

"चरबी म्हणाले. लांब सुई लागणार हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. पण तुम्ही घर डोक्यावर घेतलं असतं, वहिनी मला जाडी म्हणाली म्हणून. तुमच्या जिभेला भिऊन छोटी घेतली."

"बाहेर कोण आहे?" नणंद ओरडली. बाकावर नंबर लावून बसलेले एक आजोबा दचकले. "आजोबा, ऐका हो! ही मला जाडी म्हणते आणि वर भोसकते! साक्षीला राहा!"

"राहतो की. पण लवकर उरका, माझा खांदा ठणकतोय."

बाईंचा आवाज चढला. "डॉक्टरांना बोलावू? तेही हेच सांगतील, फक्त गोड बोलून. नाहीतर उठा, चालू लागा. उद्या झडप कामातून गेली की भावाच्या गळ्यात पडून रडू नका!"

नणंद उठली नाही. तिने उशी आवळली.

"टोच, मेले."

"हलू नका."

सुई पुरती आत गेली. बाईंनी औषध सावकाश सोडलं, कापूस दाबला.

"पुढच्या वेळी तुझा हात नको मला."

"सकाळी दुसरी सिस्टर असते. तिच्याकडे जा."

या वेळी गाठ आली नाही. नणंदेने ते कोणालाच सांगितलं नाही. वहिनीने दाभण खुपसला, हे मात्र नातेवाइकांत घरोघर पोचवलं.

तीन आठवड्यांनी ती सकाळी आली. नव्या सिस्टरने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि संकोचून छोट्या सुईकडे हात नेला.

"घाबरू नका हं काकू, बारीकशीच घेते."

"लांब काढ," नणंद खेकसली. "आणि काकू कोणाला म्हणतेस?"