नानांच्या फाईलला वळसा

नाना कुणालाही डेटाबेसला थेट हात लावू द्यायचे नाहीत. धुळ्याला देवपुरातल्या दोन खोल्यांत आम्ही चौघं नानांच्या हाताखाली वेबसाइटी बनवायचो. कुठल्याही पानाला डेटाबेसमधलं काही हवं असेल, तर नानांनी लिहिलेल्या एका फाईलकडूनच कनेक्शन मागायचं, हा त्यांचा दंडक. "उद्या सर्व्हर बदलला तर पत्ता एकाच जागी बदलायचा. गावभर शोधत फिरायचं नाही," म्हणायचे.

कनेक्शन मिळालं नाही तर पानावर अगम्य इंग्रजी यायचं नाही. 'माहिती मिळत नाही, या नंबरवर फोन करा' असं मराठीत यायचं, आणि खाली नानांचा स्वतःचा मोबाइल नंबर. जेवताना फोन वाजला की काकू कपाळाला हात लावायच्या. "बंद पडलं तर पडू दे, लोकांशी खोटं बोलायला नको," नाना ताटावरून उठता उठता सांगायचे.

रक्तदात्यांच्या यादीची वेबसाइट त्यांनी फुकट केली होती. दात्यांनी आपला फोन नंबर बदलायचं पान माझ्याकडे होतं. मी तेव्हा स्वतःला फार शहाणा समजायचो. नानांची फाईल समजून घ्यायचा कंटाळा केला आणि सर्व्हरचा पत्ता, पासवर्ड सरळ माझ्याच पानात लिहून मोकळा झालो. पान चालत होतं, त्यामुळे कुणी उघडून बघितलं नाही.

पुढे सर्व्हर बदलला. नानांनी फाईलीत एक ओळ बदलली आणि सगळी वेबसाइट नव्या डेटाबेसवर गेली. माझं पान तेवढं जुन्यालाच जोडलेलं राहिलं. जुना सर्व्हर काही महिने चालू ठेवला होता, म्हणून ते बंदही पडेना. दात्यांना 'नंबर बदलला' सांगत राहिलं, आणि यादीत जुनेच नंबर दिसत राहिले.

महिन्याभराने शिंदखेड्याकडचा एक तरुण यादीचा कागद घेऊन आला. बाळंतपणात त्याची बायको गेली होती. तिच्या रक्तगटाचे तीन दाते यादीत होते. "बठ्ठा नंबर बंद व्हतात," एवढंच तो म्हणाला. तिघांपैकी एकालाही फोन लागला नव्हता.

नानांनी त्याला बसवून घेतलं आणि त्याच्यासमोरच एकेक पान उघडून तपासलं. माझ्या पानाशी थांबले. माझ्याकडे एकदा बघितलं. मग चूक स्वतःवर घेत त्याला म्हणाले, "भाऊ, चूक मनी शे."

मला लाज वाटली. पण त्याहून जास्त हायसं वाटलं, हे आता लपवत नाही.

तो गेल्यावर मी "नाना, ते पान..." म्हणायला गेलो. "मी तपासायला पाहिजे होतं. दुरुस्त कर," म्हणाले. त्यानंतर दर रविवारी सकाळी ते यादी घेऊन बसायचे, एकेका दात्याला फोन करून नंबर चालू आहे ना ते बघायचे. मी मदतीला बसलो तर "तू तुझं काम कर" म्हणायचे.

गेल्या वर्षी नाना हार्ट अटॅकने गेले. दहाव्याला तो तरुण आला आणि नेमका माझ्याशेजारी बसला.

"माणूस चांगला व्हता," तो म्हणाला. "एकच चूक व्हयनी त्यानी."

"हो," मी म्हणालो, आणि त्याला पाणी आणून दिलं.