मोठी तबकडी, तेहतीस

मिस्त्रींच्या लेकीची रेकॉर्ड निघाली, ही बातमी त्यांच्या इमारतीत ज्याला माहीत नव्हती तो एक तर बहिरा असणार, नाहीतर परगावी गेलेला. मिस्त्रींनी दूधवाल्याला सांगितलं, जिना झाडणाऱ्या बाईंना सांगितलं, चुकून त्यांची बेल वाजवलेल्या कुरिअरवाल्यालाही दारात उभं करून सांगितलं. "काळी, मोठी, आमच्या वेळेला असायची तशी! आणि मधल्या गोल कागदावर आमच्या पोरीचं नाव!" आपला तो बाब्या, असं म्हणतात ते काही उगाच नाही. पण एवढं मिरवायलाही जिगर लागते, आणि ती मिस्त्रींकडे पोत्याने होती.

मिस्त्री म्हणजे लिफ्टचे मिस्त्री. सगळी उमर गेली ती उंच इमारतींच्या माथ्यावरच्या कोंदट खोल्यांत, जिथे लिफ्टची मोटर असते. त्या कामात हातापेक्षा कानाला मेहनत जास्त. मोटर चालू ठेवायची, भिंतीला पाठ टेकायची आणि ती एकच घरघर ऐकत राहायचं. कुठे काही बदललं, तरच पान्हा उचलायचा. नोकरीतून सुटले तेव्हा नखांतलं ग्रीस हळूहळू गेलं, भिंतीला टेकून उभं राहायची खोड मात्र राहिली.

लेक दुसऱ्या शहरात राहायची आणि यंत्रांवर संगीत करायची. टेक्नो म्हणतात त्याला, आणि त्यातही कमीत कमी आवाजांचं. रेकॉर्ड घरी पोचली त्या दिवशी तिचा फोन आला. "बाबा, ऐका आणि खरं काय ते सांगा. उगाच छान छान म्हणू नका. रविवारी येतेय मी."

मिस्त्रींनी माळ्यावरचा जुना प्लेयर काढला, पुसला, पट्टा बदलला, नवी सुई घातली. रेकॉर्ड लावली. खालून एक मऊ ठोका सुरू झाला. ठप्, ठप्, ठप्. मिस्त्री वाट बघत बसले. बराच वेळ गेला.

"गाणं सुरू कधी होणार?" त्यांनी बायकोला विचारलं.

"अहो, संपलं," बायको म्हणाली.

झाली का पंचाईत! लेकीशी खोटं बोलणं मिस्त्रींच्या रक्तात नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना ओ की ठो कळलं नव्हतं. त्यात रविवारी मेहुणाही यायचा होता. बायकोचा हा भाऊ म्हणजे घरातला संगीतातला जाणकार. तरुणपणी कुठल्याशा वाद्यवृंदात त्याने खुळखुळा वाजवला होता, आणि त्या भांडवलावर गेली कित्येक वर्षं तो सगळ्यांच्या गाण्यांना नावं ठेवत होता. भाचीच्या संगीताबद्दल त्याचं मत ठरलेलं होतं: "कुणीतरी शेजारी खिळे ठोकतंय असं वाटतं." त्याच्यासमोर लेकीने विचारलं, बाबा, कसं वाटलं, तर काय सांगायचं? पोरीची मान खाली गेली तर यांचं सगळं मिरवणं गेलं की चुलीत.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी खुर्ची बाजूला सारली. भिंतीला पाठ टेकली, हाताची घडी घातली आणि मोटरच्या खोलीत ऐकायचे तसं ऐकायला लागले. गाणं कधी येतंय याची वाट बघायचीच नाही. काय बदलतंय, तेवढंच बघायचं.

आणि सापडलं की हो! ठोक्याच्या वर वाळू चाळल्यासारखा एक बारीक आवाज होता. किती तरी वेळ तो आपल्या जागी यायचा, इमानेइतबारे. मग एकदाच, जरासा आधी यायचा, आणि सगळं गाणं जागेवरून हलायचं. मिस्त्री तडक स्वयंपाकघरात गेले.

"अगं, हिने यात काही घातलेलंच नाही! सगळं काढून टाकलंय! काढून काढून जे उरलंय ना, तेवढंच वाजतंय!"

"मग काढलेलं कुठे ठेवलंय?" बायको म्हणाली. "इथे पसारा नको मला."

पण आठवडाभर संध्याकाळी तीही दारात येऊन उभी राहायला लागली. शेवटाकडे एक जागा होती. ठोका थांबायचा, नुसती वाळू उरायची, आणि तिच्याखालून एक लांब, दबका आवाज यायचा, कुणीतरी बोलायला तोंड उघडावं आणि बोलूच नये तसा. तो आला की मिस्त्रींना भरून यायचं. मग ते मोठ्याने नाक शिंकरायचे आणि म्हणायचे, धूळ फार झालीय घरात.

रविवारी लेक आली, मेहुणा आला, खालच्या मजल्यावरचे शिंपीबुवाही आले. इस्त्रीचा शर्ट घालून मिस्त्रींनी रेकॉर्ड लावली. पहिला ठोका पडला आणि लेकीच्या हातातला चहाचा कप तोंडापाशीच थांबला. मिस्त्रींनी ते पाहिलं. पोरीला गहिवरून आलं, असं समजून त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"आता बघा हं," ते बोट वर करून सांगायला लागले, "ही वाळू. हिच्यावर लक्ष ठेवा."

मेहुण्याने एक जांभई दिली, दुसरी दिली. मग उठून रेकॉर्डचं कव्हर उचललं आणि चष्मा नाकावर सरकवून मागची बारीक अक्षरं वाचायला लागला. एकदम खो खो हसत सुटला.

"दाजी! अहो, पंचेचाळीस लिहिलंय इथे! तुम्ही तेहतीसवर लावलीय! आठवडाभर भलतंच गाणं ऐकलंत की हो!"

शिंपीबुवा हसले. बायकोलाही हसू फुटलं, मग तिने तोंडावर हात धरला. मिस्त्रींचा चेहरा पार उतरला. त्यांच्या काळी नियम सरळ होता: मोठी तबकडी मिनिटाला तेहतीस फेरे, छोटी पंचेचाळीस. त्यात वाचायचं काय होतं? स्वतःचं हसं झालं त्याचं त्यांना काही नव्हतं, जन्मभरात पुष्कळदा झालं होतं. पण पोरीने एवढं जीव लावून केलेलं काम आपण चारचौघांत रेड्याच्या चालीने चालवलं, हे त्यांना फार लागलं.

मेहुण्याचं बोट वेगाच्या बटणाकडे गेलं.

"मामा, हात काढ," लेक म्हणाली. मेहुण्याने हात काढला. मग ती वडिलांकडे वळली. "बाबा, आता पुढे काय येतं?"

"जाऊ दे गं पोरी. चुकलंच माझं."

"सांगा ना."

"वाळू सरकेल," मिस्त्री पुटपुटले. "आत्ता."

वाळू सरकली. शिंपीबुवांचं हसू थांबलं.

"मग?"

"मग ठोका जाईल." ठोका गेला. "आता नुसती वाळू. आणि आता... तो खालचा. बोलायला तोंड उघडतं आणि बोलत नाही, तो."

तो आवाज आला, लांब, दबका, आणि गेला.

लेक येऊन वडिलांशेजारी भिंतीला टेकून उभी राहिली. "तो माझा श्वास आहे, बाबा. माइकपुढे घेतला होता आणि खाली, एवढुसा ठेवला होता. पंचेचाळीसवर तो कुणालाच ऐकू येत नाही. छापणाऱ्यांना नाही, दुकानवाल्यांना नाही. मला वाटलं होतं, फुकट गेला." तिने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "आता खरं सांगा. कसं वाटलं?"

मिस्त्री म्हणाले, "पहिल्या दिवशी काही कळलं नव्हतं. आता म्हणशील तर, यातून काही काढता येत नाही आणि यात काही घालता येत नाही. माझ्या हातून असं काम जन्मात एखाद्या वेळी झालं असेल. तुझा फार अभिमान वाटतो मला."

मग लेकीने रेकॉर्ड पंचेचाळीसवर लावली. मिस्त्रींनी डोळे मिटून ती शेवटपर्यंत ऐकली.

"हेही झकास आहे," ते म्हणाले. "पण एवढी घाईने चाललीय कुठे?"

लेक पोट धरून हसली.

पुढच्या वर्षी तिची दुसरी रेकॉर्ड आली. मिस्त्रींनी या वेळी आधी चष्मा लावला आणि मगच कव्हर उलटलं. वाचलं, पुन्हा वाचलं. मग रेकॉर्ड छातीशी धरून, पायातल्या घरच्या चपला न बदलता, ते तडक मेहुण्याच्या घरी जाऊन थडकले.

"वाच," त्यांनी कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं.

मेहुण्याने चष्मा शोधला. "पंचेचाळीस," त्याने वाचलं. "बाबांसाठी तेहतीस."

"ऐकू आलं नाही," मिस्त्री म्हणाले.

मेहुण्याने पुन्हा वाचलं.