हात मागे बांधून उभ्या बाई

पोर टॅब घेऊन बसलं की बाई त्याच्यामागे दोन्ही हात पाठीशी बांधून उभ्या राहत. "हात मोकळा राह्यला का पोराच्या आधी तोच बटन दाबते," म्हणत. पहिल्याच दिवशी मलाही बजावलं, "भाऊ, तुमीबी बांधा." मी बांधले. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्यापुढे आपली पन्नाशी जवळ आल्याचं आपणच विसरतो.

मी पोलादाच्या प्लांटात कामाला. माझी मुलगी मनू तेव्हा हिंदी शाळेत चौथीत. बोलण्यात कोणाला हार जायची नाही, पण आकडे दिसले की तिच्यापुढून मुंग्यांसारखे पांगायचे. शाळेनं सांगितलं होतं, सहामाहीपर्यंत जमलं नाही तर गणिताच्या तासाला तिला वेगळ्या खोलीत बसवू. मनूला गणिताचं दुःख नव्हतं, बाकावरची मैत्रीण सुटेल याचं होतं.

बाई शाळेतल्या विशेष शिक्षिका, माहेर भंडाऱ्याकडचं. रोज सकाळी गणिताच्या सरांना गाठून त्या दिवसाची गणितं टॅबमधल्या सॉफ्टवेअरमध्ये भरत. वर्ग फळ्यावर जे सोडवी, तेच मनूपुढे दहाचे गठ्ठे आणि सुटे होऊन येई. घड्याळ नाही, चुकलं तर लाल फुली नाही. "वर्गाचं एक अन् हिचं दुसरं, असं मी करत नसते," बाई सांगत.

अडलं ते आवाजापाशी. हेडफोनमधून गणित वाचून दाखवणारी सॉफ्टवेअरची हिंदी बाई इतकी गोड बोलायची की मनू तिच्या नकला करत बसायची. म्हणून बाईंनी रेकॉर्डिंगला मला बोलावलं. मी सुपेल्याच्या बाजारातून नवा शर्ट घेतला. रेकॉर्डिंग नुसत्या आवाजाचं असतं, हे बायकोनं मी परत आल्यावर सांगितलं.

घसा साफ करून मी वाचलं, "बत्तीस वजा सतरा."

"भाऊ, बातम्या सांगून राहिले का? प्लांटात काय करता?"

"खालून ओरडून क्रेनवाल्याले इशारे देतो. माल उतरवाचा राह्यते."

"मंग तसं सांगा."

मी लाजत सुरू केलं, "एक गठ्ठा सोड... हळू... हळू... आता सुटे काढ... बस."

"हे पाहिजे," बाई म्हणाल्या. "एवढं लोखंड उतरते, तर वजाबाकी कावून नाही उतरणार?"

या आवाजाचं प्लांटात कधी कोणी कौतुक केलं नव्हतं. घरी तर त्यावर बंदीच होती.

सहामाहीत टॅब जवळ ठेवायची परवानगी बाईंनीच मिळवली. मनूचे गुण सांगण्यासारखे नाहीत, पण सर म्हणाले, "इसको यहीं बैठने दीजिए." मी आभाराचं भाषण पाठ करून गेलो. बाई दुसऱ्या एका पोरामागे उभ्या होत्या. मानेनंच 'नंतर' म्हणाल्या. ते नंतर राहूनच गेलं. बाईंच्या यजमानांची बदली झाली आणि उन्हाळ्यात त्या कोरब्याला गेल्या.

परवा शाळेत गेलो तर गणिताचा तास चालू होता. खिडकीतून पाहिलं. मनू हेडफोन गळ्यात उतरवून मैत्रिणीशी हुज्जत घालत होती, "गलत है तेरा. गट्ठा खोला ही नहीं तूने."

माझा आवाज तिच्या गळ्याशी एकटाच बोलत असणार. आपलं कोणी ऐकत नाही याचा एवढा आनंद मला आधी कधी झाला नव्हता. बाईंना दाखवावं म्हणून वळलो. व्हरांड्यात कोणी नव्हतं.