ती घरच्यांना तपासत नाही

माझ्या धाकट्या बहिणीला लोक डॉक्टर म्हणतात. ती दर वेळी सांगते, "मी मानसशास्त्रज्ञ. गोळ्या देत नाही, बोलते." लोक मान डोलावतात आणि पुढच्याच वाक्याला पुन्हा डॉक्टर म्हणतात. आमच्या घरात ती धाकटीच.

तिची खोली मी पाहिली आहे. दोन खुर्च्या, त्याही तिरक्या मांडलेल्या, म्हणजे समोरच्याला वाटलं तर नजर चुकवता यावी. दाराजवळची खुर्ची येणाऱ्याची. घुसमटलं तर तिला ओलांडून जावं लागू नये म्हणून. भिंतीवर एक सुविचार नाही. ‘सगळं ठीक होईल’ हे वाक्य तर तिच्या तोंडून मी जन्मात ऐकलेलं नाही. माणूस गप्प बसला तर तीही गप्प बसते. मी एकदा म्हटलं, "अगं, गप्प बसायला एवढं शिकावं लागतं होय? मी तर संसारात फुकटात शिकले!" हसली नुसती. आहेच तशी, आतल्या गाठीची.

तर माझी लेक. वीस वर्षांची. नापास झाली नाही, कुणी फसवलं नाही, काही काही नाही, तरी दिवसेंदिवस विझत चालली होती. आधी जेवण कमी झालं, मग आंघोळीचा कंटाळा, मग मैत्रिणींचे फोन बंद. खोलीचं दार सदा लावलेलं. मी दाराला कान लावायचे आणि आतून आवाज आला नाही की उगाच काहीतरी निमित्त काढून हाक मारायचे. नवरा म्हणायचा, "वय आहे, उगाच विषय काढू नकोस." मीही काढला नाही. भीतीच वाटायची हो मला! आपण शब्द काढायचा आणि तोच नेमका तिच्या डोक्यात जाऊन बसला तर?

शेवटी धाकटीला फोन केला. म्हटलं, तूच बघ.

"नाही ताई. घरच्यांना मी तपासत नाही. माझी सहकारी आहे, तिच्याकडे ने."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "जगाची मनं सांभाळतेस, आणि सख्खी भाची परकी?"

"भाची आहे म्हणूनच," ती म्हणाली. "मला जपायला म्हणून ती खोटं बोलेल, आणि मला ते खरं मानायचं असेल."

लेक परक्या बाईकडे जायला काही केल्या तयार होईना. मग मी डाव टाकला. धाकटीला सुट्टीच्या दुपारी जेवायला बोलावलं. म्हटलं, बोलता बोलता काढून घेईल ती पोरीच्या मनातलं, पोरीला कळणारही नाही. स्वतःला फार हुशार समजत होते मी.

जेवायला बसलो. लेक ताटातलं नुसतं चिवडत होती. मी धाकटीला डोळ्यांनी खुणावलं. तिने लक्ष दिलं नाही. पुन्हा खुणावलं. तिने चमचा खाली ठेवला आणि लेकीकडे वळली.

"तुझ्या आईने मला तुला तपासायला बोलावलंय. तुला न सांगता. मी ते करणार नाही."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पण बाईसाहेबांचं संपलं नव्हतं.

"मावशी म्हणून एक विचारते. तुला मरावंसं वाटतं का?"

"अगं ए! जिभेला काही हाड?" मी उठलेच. पाण्याचा पेला उलटला. "जेवत्या ताटावर असलं अभद्र बोलतेस?" नवराही "पुरे, पुरे" करायला लागला. धाकटीने आमच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

हे असं तोंडावर विचारणं ती कुठल्या पुस्तकात शिकली नाही. आमचे बाबा छापखान्यात कागद कापायच्या यंत्रावर होते. यंत्रात हात सापडला, काम गेलं आणि ते बोलेनासे झाले. आई बजावायची, त्यांच्यासमोर विषय काढायचा नाही. आम्ही सगळे हवापाण्याचं बोलायचो. एके दिवशी बाबांनी आपली सायकल शेजाऱ्यांना देऊन टाकली. धाकटी तेव्हा अकरा वर्षांची. "बाबा, का दिलीत?" म्हणायला तिने तोंड उघडलं, तर आईने डोळे वटारले. दुसऱ्या दिवशी बाबा नदीवर गेले ते परत आलेच नाहीत. तेव्हापासून ही विचारत आलीये. "विचारल्याने कुणी मरत नाही ताई," म्हणते, "एकटं पडल्याने मरतात."

लेकीने ताट बाजूला सारलं. मी मनात घोकत होते, नाही म्हण बाई, नाही म्हण.

"हो," ती म्हणाली.

मी तशीच खुर्चीत बसले.

"कसं, तेही ठरवलंयस?" धाकटीने त्याच आवाजात विचारलं. लेकीने होकारार्थी मान हलवली. "मला दाखवशील?"

दोघी खोलीत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा धाकटीच्या हातात एक पिशवी होती. आत काय होतं ते मी सांगणार नाही. ती पिशवी तिने आपल्या पर्समध्ये कोंबली, आणि चेन लावून ती पुन्हा एकदा ओढून पाहिली. लेक ओक्साबोक्शी रडत होती. निदान रडत तरी होती.

तिथून आम्ही थेट त्या सहकारी बाईंकडे गेलो. सुट्टी असूनही त्यांनी दार उघडलं. लेकीशी एकटीशी बोलल्या, मग आम्हाला आत घेतलं. म्हणाल्या, तूर्त तिला एकटं ठेवायचं नाही, आणि घरच्या एकाने रोज हा प्रश्न विचारायचा. सरळ, आडपडदा न ठेवता. "कुणी विचारलेलं चालेल तुला?"

मी धाकटीकडे पाहिलं. दुसरं कोण? एवढी छाती कुणाची?

"मावशी सगळ्यांनाच विचारते," लेक म्हणाली. "मला आईने विचारायला हवंय."

धाकटी मदतीला आली नाही, खुर्चीत मागे सरून बसली, मेली. सगळे माझ्याकडे बघत होते. शब्द ओठांपर्यंत यायचे आणि परत फिरायचे. शेवटी मी लेकीकडे वळले आणि विचारलं.

"तुला आत्ता मरावंसं वाटतंय का गं?"

"थोडं," ती म्हणाली. "सकाळपेक्षा कमी."